नाना, तुम्ही राक्षसाला गोरं केलंत

गलईचं दुकान, कोइमतूर
मंगळवार दुपार (ॲसिड तापायला ठेवलंय, तेवढ्यात)

तीर्थरूप नाना यांच्या पायांवर गुंडाचं डोकं. (डोकं चालेनासं झालंय, पण ते पुढं येईलच.)

तुमची तब्येत कशी आहे? विचारायचं कारण असं की इथं कोइमतुरात ती बरी नाही. सांगलीच्या पत्त्यांच्या स्पर्धेसाठी मला पाच दिवसांची रजा पाहिजे होती. आमचे आप्पासो शेठ आपल्याच विट्याकडचे, त्यामुळं कुणाचं कोण कुठं हे त्यांना तोंडपाठ. ते लग्नाला रजा देत नाहीत, जत्रेला देत नाहीत, फक्त ऑपरेशनला देतात. म्हणून मी तुमच्या पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. आता शेठ रोज सकाळी भट्टी लावायच्या आधी विचारतात, नाना पेज घेतात का? मी म्हणतो, घेतात. तर मुगाची खिचडी कधी सुरू करायची ते तुम्हीच ठरवून कळवा, मला त्यातलं काही कळत नाही. काकींची शुगर, कटिंग मशिनचं पातं आणि दारातली शेळी ही मंडळी ठीक असतील असं धरून चालतो.

नववीनंतर मी हातानं एवढं काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराकडं बघू नका. पण करणार काय? माझा नंबर तुम्ही ब्लॉक केलाय. शेठच्या फोनवरून लावला तर तामिळनाडूचा नंबर बघून तुम्ही फोनच बंद करून गादीखाली ठेवलात. काकी म्हणाल्या, "मी सांगितलं तर म्हणतील तू पुतण्याची बाजू घेतीस. तू लिहून पाठीव, कागदावर असलं की त्यांना खरं वाटतंय." त्यांच्याकडूनच कळलं की आज नऊ दिवस प्रेसचं शटर खाली आहे. ऐन लग्नसराईत पत्रिकांचं गिऱ्हाईक शटर वाजवून दुसरीकडं जातंय आणि तुम्ही आत पंखासुद्धा न लावता सायबर पोलिसांची वाट बघत बसलाय. नाना, पोलीस येणार नाहीत. शटर वर करा. पत्र एवढ्याचसाठी आहे. पण एवढंच लिहून पाठवलं तर तुम्ही म्हणाल, पोरगं उडवून लावतंय. म्हणून झालं कसं ते पहिल्यापासून सांगतो. मला स्वतःला ते नीट कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळलं तर दोघांचंही काम होईल.

आमच्या दुकानाच्या माडीवर एक कॉफीचं हॉटेल आहे. सोनं गाळताना ॲसिडचा धूर छातीत बसला की मी मोकळ्या हवेला वर जातो. तिथं कॉलेजची पोरं टेबलाला टेबल लावून पत्ते खेळतात. आपले रमीचे नव्हेत. ह्या पत्त्यांवर राक्षस, चेटकिणी, पंखवाले देवदूत असली चित्रं असतात आणि खाली बारीक इंग्रजीत कोण कुणाला कसं मारणार ते लिहिलेलं असतं. प्रत्येकानं साठ पत्त्यांचा आपापला गठ्ठा घरून आणायचा आणि समोरच्याच्या गठ्ठ्याशी लढायचं. मला इंग्रजी येत नाही, पण चित्रं येतात. काळा शिंगवाला राक्षस आला की समोरच्याचे दोन मरतात, पांढऱ्या पंखांचा देवदूत आला की आपले दोन उठतात, लाल झग्याची राणी सोडली की समोरचा एक डाव गप्प बसतो, असं मी चित्रावरून पाठ केलं. आठ महिन्यांत मी त्या इंग्रजीवाल्या पोरांना हरवायला लागलो. ती वाचत बसतात तोवर माझं टाकून होतं. (आयुष्यात पहिल्यांदा न वाचण्याचा फायदा झाला. आण्णांना सांगू नका, बापाचा जीव, ते परत शाळेचा विषय काढतील.)

आता महत्त्वाचं. तो काळ्या राक्षसाचा एक पत्ता अडतीस हजारांना आहे. अडतीस हजार, नाना! मी एकाचा मागून घेतला, खाली आणला आणि शेठ जेवायला गेल्यावर सोन्याच्या काट्यावर ठेवला. एक ग्रॅम सातशे ऐंशी मिली. तेवढ्या वजनाचं चोख सोनं त्याच्या निम्म्यात येतं. मला वाटलं कडेची चकाकी सोन्याची असेल, म्हणून कोपरा कसाच्या दगडावर घासायला घेतला, तेवढ्यात तो पोरगा रडवेला होऊन जिन्यावरून खाली आला. म्हणजे कागदच. सोन्याहून महाग कागद, आणि तो वितळवूनही काही निघत नाही. असले पंधरा पत्ते गठ्ठ्यात असल्याशिवाय मोठ्या स्पर्धेत टिकाव लागत नाही. मी वर्षभर जेवलो नाही तरी त्यातले चारच होतील.

मग कळलं की बऱ्याच स्पर्धांत प्रॉक्सी चालते. म्हणजे ज्याला खरा पत्ता परवडत नाही त्यानं त्याच्या जागी छापलेला खोटा वापरायचा, पण आधी सांगून. सांगलीच्या स्पर्धेचा नियमच होता, साठातले पंधरा खोटे चालतील. मी तीनदा विचारलं, खोटे चालतील? हो. आणि ते खोटे आहेत हे तुम्हाला माहीत असणार? हो, आधी सांगायचं. नाना, मी गलईतला माणूस. आमच्यात खोटा तुकडा खरा म्हणून पुढं केला तर हात मोडतात, आणि खोटा म्हणून कुणी पुढं करतच नाही, कारण मग पुढं कशाला करायचा? इथं खोटा आहे असं मोठ्यानं सांगितलं की तो चालतो आणि न सांगितला की चोरी. तेव्हापासून डोक्यात जो गोंधळ बसलाय तो अजून उठलेला नाही.

म्हणून मी तुम्हाला पंधरा फोटो पाठवले आणि कार्डाच्या मापात छापून सांगलीच्या स्टँडवर एसटी पार्सलनं टाका म्हणालो. तुम्ही आधी विचारलंत, "ही रेड्याच्या तोंडाची माणसं कुणाच्या लग्नाला?" मी म्हणालो, खेळायला पाहिजेत. तुम्ही म्हणालात, पन्नास प्रतींच्या खाली मी मशिनला हात लावत नाही, मग ते लग्न असो नाहीतर तुझा राक्षस. पैसे घेतले नाहीत, उलट जाड आर्ट कार्ड वापरलंत, हे मी विसरलेलो नाही. इथवर तुमची काही चूक नाही. इथून पुढंसुद्धा चूक आहे का ते मला ठरवता येत नाही.

पार्सल मी सांगलीच्या स्टँडवर चहा पिता पिता फोडलं. पहिल्या पत्त्याला चारी कोपऱ्यांवर हळदीकुंकवाची बोटं. (काकींनी लावली असणार. पहिली प्रत देवाची, हे त्यांच्या हाताला ठरलेलंच आहे.) प्रत्येक पत्त्यावर वर ॥ श्री सिद्धनाथ प्रसन्न ॥. मधे राक्षस. खाली लाल पट्टीत 'राजेश्वरी ऑफसेट, कराड. लग्नपत्रिका, वास्तुशांती, जावळ, वाढदिवस फ्लेक्स तत्पर करून मिळतील', आणि दोन मोबाईल नंबर. बरं, राक्षस तरी राक्षस ठेवायचा. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आख्ख्या तालुक्यात तुम्ही एक माणूस सावळा राहू दिला नाही, ती सवय इथंही चालवलीत. काळा राक्षस दुधासारखा गोरा, गालावर लाली, दात स्वच्छ. शिंगं नसती तर सोसायटीच्या निवडणुकीला उभा केला असता. आणि ती लाल झग्याची राणी! तिच्या अंगावर कापड कमी होतं हे मला मान्य आहे. पण तुम्ही तिला डोक्यावरून पदर दिलात. हिरवा. काठाचा. चहा थंड झाला, नाना.

स्पर्धा एका बेकरीच्या वरच्या हॉलमध्ये होती. चाळीसेक पोरं, खालून पावाचा वास. भरवणारा आणि पंच एकच, अजीम म्हणून. मिरजेच्या सतारी करणाऱ्यांच्या घरातला, बोलायला शांत. मी आधीच जाऊन सांगितलं, माझे पंधरा खोटे आहेत. त्यानं पत्ते हातात घेतले, पहिला बघितला, दुसरा बघितला, तिसऱ्याला चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "प्लास्टिकच्या पाकिटात घालून मागची बाजू एकसारखी दिसतीय ना? मग बस." बसलो. समोर आला साईराज. त्याच्या वडिलांचा कराडात मोठा व्यापार आहे. पत्त्यांची पेटी कुलूप लावलेली, आतले साठच्या साठ खरे. मी पहिलाच राक्षस टाकला तसा तो उभा राहिला.

"ही थट्टा चाललीय का रे?"

मी म्हणालो, थट्टा नाही, प्रॉक्सी आहे. तो म्हणाला, प्रॉक्सी घरच्या घरी एकदोन काढतात, ह्याच्यावर तर प्रेसची जाहिरात आहे, फोन नंबर आहे, म्हणजे हा छापून विकायचा धंदा आहे, ह्याला प्रॉक्सी म्हणत नाहीत, बनावट माल म्हणतात, ह्याला बाहेर काढा. सगळा हॉल आमच्या टेबलाभोवती. मला त्याचं पटायला लागलं. (मला समोरचा जे बोलतो ते पटतं, हा माझा जुना रोग तुम्हाला माहीत आहेच.) अजीम म्हणाला, भांडू नका, नंबर छापलाय ना, मग विचारू या. आणि त्यानं फोन स्पीकरवर टाकून तुम्हाला लावला.

तर नाना, ज्या फोनला तुम्ही नऊ दिवस घाबरलाय तो हा. सायबर पोलीस नव्हे, अजीम. तुम्ही ऐटीत म्हणालात, "राजेश्वरी ऑफसेट, बोला." तो म्हणाला, "राक्षसाचे फेक पत्ते तुम्हीच छापलेत का?" मग थोडा वेळ तुमच्याकडच्या मशिनचा आवाज आला. मग मशिन बंद झाल्याचा आवाज आला. मग तुम्ही म्हणालात, "राँग नंबर. हितं दूध डेअरी हाय." आणि शटर ओढल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. हॉल हसून लोळला. साईराज टेबलावर हात आपटून म्हणाला, "बघा! छापणाराच पळाला."

मी पत्ते गोळा करायला लागलो. मला स्पर्धेतून बाहेर पडल्याचं एवढं काही नव्हतं. पण चाळीस पोरांसमोर तुमच्या प्रेसचं नाव चोर म्हणून निघालं, आणि ते मी पाठवलेल्या फोटोंमुळं, म्हणून खालची लाल पट्टी अंगठ्यानं झाकत एकेक उचलत होतो. अजीमनं मात्र पत्ता उलटसुलट केला आणि खालचा दुसरा नंबर लावला. तो काकींचा. (त्यांना रागावू नका. त्यांच्यामुळं तुम्ही सुटलाय, हे तुम्हाला अजून माहीत नाही.)

काकींनी सगळं एका दमात सांगितलं. "व्हय की, आमीच छापलं. आमचं हे दोन दिस कॉम्प्युटरम्होरं बसलं हुतं. त्या बाईच्या अंगावर धड कापड नव्हतं, मी म्हनलं आदी तिला पदर द्या, मगच मशिन चालू करा. का, काय वंगाळ झालंय का?"

अजीम म्हणाला, "तसं नाही मावशी. विकायला छापलेत का, एवढं सांगा."

"इकतंय कोन? पुतण्याला दिलं. पैसं सुदीक घेतलं न्हाईत. तुमास्नी पायजेत का? कोठीत गठ्ठा पडलाय."

गठ्ठा म्हटल्यावर साईराजचे डोळे चमकले. अजीमनं विचारलं, पुतण्या एक, मग गठ्ठा कशाला? काकी म्हणाल्या, "पन्नासच्या खाली हात लावत न्हाईत ते. सोत्ताच्या लग्नाच्या पत्रिकाबी त्यांनी दोन हजार काढल्या हुत्या, निम्म्या अजून माळ्यावर हायत." ह्यावर नाना, तो आख्खा हॉल तुमच्या बाजूचा झाला. प्रत्येकाच्या घरात असला एक माणूस असणारच.

मग अजीमनं निकाल दिला, तो मी शब्द जमतील तसा लिहितो. तो म्हणाला, माझा आजा जुन्या नामी सतारीची हुबेहूब नक्कल करतो, पण भोपळ्याच्या आतल्या अंगाला पेन्सिलनं स्वतःचं नाव लिहितो. ज्याला फसवायचं असतं तो नाव लिहीत नाही. ह्या माणसानं नाव लिहिलंय, गाव लिहिलंय, दोन नंबर दिलेत, वर देवाला साक्षी ठेवलंय. हा पत्ता खरा म्हणून आंधळासुद्धा घेणार नाही. माझ्या स्पर्धेत आजवर एवढी प्रामाणिक प्रॉक्सी आलेली नाही. चालू करा.

हे तुम्ही नीट वाचा, नाना. तुमची जी चूक होती, तिच्यामुळंच तुम्ही निर्दोष निघालात. ती चूक केली नसतीत, काळा तो काळाच ठेवला असतात आणि नाव न घालता साफसूफ छापला असतात, तर साईराज म्हणाला तेच खरं झालं असतं. म्हणजे चांगलं काम केलं असतंत तर गुन्हा होता. मी ह्याच्यावर मिरज ते बंगलोर विचार केला आणि अजून पुढं सरकलेलो नाही.

आता खेळाचं. मी चौथ्या डावात हरलो. त्याला मात्र तुम्ही जबाबदार आहात. मी चित्रं ओळखून खेळतो. राक्षस काळा, देवदूत पांढरा, एवढंच माझं शिक्षण. तुम्ही दोघंही गोरे केलेत. मरायला टेकलेले माझे दोन उठवायचे म्हणून मी घाईत देवदूत टाकला, तर तो राक्षस निघाला. आणि राणी हातात आली तेव्हा डाव तिच्यावरच होता. पण हिरवा काठाचा पदर, कपाळ मोठं, तुम्ही चेहराही जरा भरलेला केलाय. काकीच दिसायला लागल्या. त्यांना त्या साईराजच्या अंगावर सोडायला माझा हात धजेना. तेवढ्यात त्यानं उरलेसुरले मारले. उठताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "ती पदरवाली देतोस का एक? आईला दाखवतो." सात लाखांची पेटी कुलपात असलेला माणूस! दिली. त्यानं ती खऱ्या पत्त्यांच्या मधे ठेवली आणि कुलूप लावलं.

मग पोरं फोटो काढायला आली. कुणाला सिद्धनाथाच्या जागी आपला देव पाहिजे, कुणाला राक्षसाच्या जागी आपल्या मित्राचा फोटो. सगळे हसत होते, पण तुम्हाला हसत नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. जो राक्षसाच्या डोक्यावरसुद्धा देवाचं नाव घातल्याशिवाय छापत नाही तो माणूस बघायला पाहिजे, असं एक जण म्हणाला. मी म्हणालो, बघायला या, पण आधी शटर वाजवा.

तेव्हा नाना, हात जोडून सांगतो, भिण्यासारखं काही राहिलेलं नाही. तुम्ही कुणाला फसवलं नाही, कुणाला विकलं नाही, आणि पंच म्हणाला की विकलं नाही तर कुणी विचारायलाही येत नाही. शटर वर करा, पंखा लावा, मशिन चालू करा. काकींना नमस्कार, शेळीला चारा, आणि आमच्या आण्णांना मी कामावर आहे एवढंच सांगा. हे पत्र विट्याला निघालेल्या आमच्यातल्या एका माणसाच्या हातानं पाठवतोय, तो बुधवारी रात्री कराडला उतरून देईल.

तुमचा (अजून तरी) पुतण्या,
गुंडा

ताजा कलम. कोठीतला गठ्ठा जाळू नका. उंदीर लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. का ते खाली आहे.

आणखी एक. पत्रभर मी शटर वर करा असं लिहिलंय, ते येत्या शुक्रवारपासून. गुरुवारी करू नका. त्याचं असं झालं की स्पर्धा संपल्यावर लोणंदचा एक माणूस भेटला, शंभूराज म्हणून. खेळत नव्हता, नुसता बघत होता. त्यानं मला बाकरवडी खायला घातली आणि म्हणाला, तुझ्या नानांचा हात चांगला आहे, असेच पाचशे काढून दे. फक्त वरचं प्रसन्न नको, खालची पट्टी नको, राक्षस होता तसा काळा, आणि मागची बाजूही खऱ्यासारखी. इतकं गोड बोलला की मी हो म्हणालो. बेळगाव गेल्यावर डोक्यात उजेड पडला की हे मी कशाला हो म्हणालो. आमच्या दुकानात कुणी सोन्याची लगड आणून म्हणाला की ह्याच्यावर तुमचा शिक्का मारू नका, तर शेठ त्याला पायरीवरूनच खाली काढतात. म्हणून मी त्याला नाही म्हणायला फोन केला. तो पुन्हा गोड बोलला, आता सातशे झालेत. तो गुरुवारी अकरा वाजता कराडला येणार आहे. तुमचं ठिकाण विचारलं नाही, ते पत्त्यावर छापलेलंच आहे. गठ्ठा पोलिसांना दाखवायची वेळ आली तर आपले कसे असतात ते त्यांना दिसू दे.

सगळ्यात शेवटचं. वरचं परत वाचलं. शटर बंद बघून तो शुक्रवारी येईल, शनिवारी येईल, आणि मला फोन केला तर हजार होतील. मला नाही म्हणता येत नाही, नाना, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हाला येतं. तेव्हा गुरुवारी शटर उघडाच, पार वरपर्यंत, आणि नऊ दिवस माझ्यासाठी ज्या शिव्या साठवून ठेवल्यात त्या सगळ्या त्याला द्या, रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जातील एवढ्या. त्यातल्या दोनतीन माझ्यासाठी शिल्लक राहिल्या, तर तेवढ्यासाठी तरी माझा नंबर चालू करा. मी दुपारी दोन ते तीन मोकळा असतो.